तोंडी लावणं

१९८६चा हिवाळा. अमेरिकेतल्या नोव्हाय गावात अपार्टमेंटचा मॅनेजर मासळीच्या वासाची तक्रार करून गेला आणि अतुलने धाडकन दार लावलं.

"आई, वेंगुर्ल्याहून सुकट आणलीस ना लपवून? इथे चालत नाही, हजारदा सांगितलंय!"

"चुकलं रे," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"लीज कॅन्सल झाली तर कुठे जायचं? अजून किती उरलीय?"

"एक कणही नाही घरात. तुझ्या बाबांची शपथ."

दुसऱ्या दिवशी अतुल कामावर गेला. दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. दुपारी प्रतिमाबाईंनी भात ताटात घेतला, शाल लपेटली आणि बाहेर बर्फ असूनही स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

खालच्या फ्लॅटमधली फिलिपिनो नर्स रात्रपाळीहून येऊन झोप काढून उठली होती. रोजच्यासारखी तिने आधी लसूण तेलात टाकली, मग सुकट, मग नारळाचं दूध. वास हळूहळू वर आला.

सुकट प्रतिमाबाईंनी कधी आणलीच नव्हती. नुसता भात घेऊन त्या खिडकीशी बसल्या. तोंडी लावायला वास होता.