साडेबारा पौंडांचे गुरुवार

लेनर्ड टॅपिंगच्या गाडीची किल्ली शेवटी त्याच्या मुलीकडे गेली. पण ते सध्या विसरून जाऊ. तसं काही घडलेलंच नाही असं धरू. शनिवारची सकाळ आहे, किल्ली अजून लेनर्डच्या जाकिटात आहे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडे बसून निकोला बापाची तोंडी परीक्षा घेते आहे.

टेबलावर चार पत्रं होती. चारही दंडाची. लेनर्डची गाडी सोळा वर्षांची, डिझेलवर चालणारी. असली गाडी लंडनच्या हद्दीत रस्त्यावर काढली की त्या दिवसाचं धूर-शुल्क भरावं लागतं, आणि लेनर्डचं घरच हद्दीच्या आत होतं. बायको होती तोवर दंडाचं एकही पत्र आलं नव्हतं. एव्हरिल गेली, आणि तीन महिन्यांत चार आली. निकोलानं सरळ हिशेब मांडला होता. बाबाचं डोकं चालेनासं झालंय. ज्याचं डोकं चालत नाही त्यानं गाडी चालवू नये.

"एक जरी उत्तर चुकलं तरी किल्ली इथं ठेवायची," तिनं टेबलावर बोट आपटलं. "दिवस कधी सुरू होतो?"

"मध्यरात्री. संपतोही मध्यरात्रीच. म्हणून रात्री अकराला निघून एकला परतणारं गाढव दोन दिवसांचे पैसे भरतं."

"गाडी दारात नुसती उभी असेल तर?"

"फुकट. उभी गाडी आणि तुझा नवरा. काही करत नाहीत, म्हणून काही लागत नाही."

"बाबा!"

"पुढचा प्रश्न."

"पैसे भरायची मुदत?"

"तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. साडेबारा पौंड. चुकलं तर एकशे ऐंशी. चौदा दिवसांत मुकाट्यानं भरले तर निम्मे." लेनर्डनं चहात बिस्किट बुडवलं आणि ते मोडायच्या आत बाहेर काढलं. हातही शाबूत होता, डोकंही.

निकोलाची पंचाईत झाली. बाप पैकीच्या पैकी गुण घेऊन बसला होता.

"एवढं सगळं कळतंय, तर मग वेळेवर भरत का नाहीस?"

"वेळेवर भरलं की फोटो येत नाही."

त्यानं पहिलं पत्र तिच्याकडे सरकवलं.

एव्हरिलला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की ती हात आडवा धरायची, नाहीतर उठून भांडी घासायला जायची. लग्नाच्या अल्बममध्ये तिचं एक कोपर होतं आणि बराचसा केक. दर गुरुवारी दोघं गाडीनं रोपवाटिकेत जायची, तिथं चहा प्यायची, एखादं न जगणारं झाड घेऊन घरी यायची. संध्याकाळी एव्हरिल चष्मा लावून फोनवर साडेबारा पौंड भरायची. न चुकता. एका गुरुवारी मात्र संध्याकाळी तिला रुग्णालयात न्यावं लागलं, आणि फोन पर्समध्येच राहिला. ती परत आली नाही. अंत्यविधीनंतर आठवड्याभरानं हे पत्र आलं. सोबत पुरावा म्हणून खांबावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं छायाचित्र. खाली नंबरप्लेट, वर काच, काचेआड लेनर्ड, आणि त्याच्या शेजारी तोंड उघडून मनापासून हसणारी एव्हरिल. हात मांडीवर. तिला पत्ताच नव्हता.

निकोलानं तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मग तिनं उरलेली तीन पत्रं उलटली. तिन्हींत लेनर्ड एकटाच होता, इस्त्री केलेला शर्ट घालून.

"हे कशाला मग?"

"खात्री करून घेतली. पैसे भरले नाहीत की दर वेळी फोटो येतोच का, ते बघायला." त्यानं जाकिटातून किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली. "ही घे. गाडी विकून टाक. मला पैसे लागणार आहेत."

"या खटाऱ्याचे तीनशेसुद्धा यायचे नाहीत."

"सुरुवात तर होईल. आणि तो लॅपटॉप उघड. माझं दोन बोटांचं टायपिंग त्या लोकांना शोभत नाही."

तो चष्म्याशिवाय, खिडकीकडं बघत सांगत गेला. निकोला शब्द न् शब्द टाइप करत गेली.

"महोदय, चारही दंड पूर्ण भरले आहेत. सवलत घेतलेली नाही. निवेदन असे की, सदर वाहनाचे शुल्क माझ्या दिवंगत पत्नीने एकूण एकोणनव्वद गुरुवारी चुकून वेळेवर भरले. ते सर्व भरणे कृपया रद्द समजावे, आणि प्रत्येक गुरुवारची दंडाची स्वतंत्र नोटीस, छायाचित्रासह, वरील पत्त्यावर पाठवावी, ही विनंती."