भोगीची भाकरी

भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं आणि आईचा उजवा हात कोपरापाशी चेंगरला. हात वाचला, पण बोटं बधिर झाली. पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी भाजताना बोट तव्याला चिकटलं, तरी तिला कळलं नाही. कातडी जळाल्याचा वास आजीला आला. त्या दिवसापासून आजीनं तिला चुलीपाशी बसू दिलं नाही. मी लातूरला बारावीच्या क्लासला होते. नसेभोवतीच्या आधारपेशी शिकवताना सर म्हणाले, "एका मार्काचं आहे, पाठ करा अन् पुढं चला." मी काही पुढं गेले नाही. सुट्टीत येऊन आईला सांगितलं, "नस चेंगरली तरी तिच्याभोवतीच्या पेशी जित्या राहतात. आधी पडझड साफ करतात, मग नसेच्या नव्या धाग्याला बोटापर्यंत वाट करून देतात." "गावात बी तसंच झालं की," आई म्हणाली. "वाचले त्यांनी आधी दगडं काढले, मंग वाट केली." दर सुट्टीत मी तिच्या हातावर कोपरापासून टिचक्या मारत खाली यायचे आणि मुंग्या येतील तिथं, म्हणजे नवा धागा पोचला असेल तिथं, पेनानं खूण करायचे. खूण कोपरापासून मनगटावर आली, मनगटावरून तळहातावर. भोगीच्या सकाळी आजी पाण्याला गेलेली पाहून आई चुलीपुढं बसली आणि भाकरी उलटताना किंचाळली. आजी धावत आली, भरली घागर तिच्या हातावर ओतायला निघाली. आईनं हात मागं ओढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "थांबा आत्याबाई, पोळायलंय! जरा पोळू द्या की."