अननसाचं चिकन

सत्यवतीचा हात साखरेच्या डब्यापर्यंत गेला आणि तिथून मिठाच्या बरणीकडे वळला. एक मूठ. मग आणखी अर्धी. तिने डाव फिरवला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

आखातात, गुदैबियातल्या त्या घरात ती सहा वर्षं स्वयंपाक करत होती. वेंगुर्ल्याकडची विधवा बाई, दोन मुली गावी भावाजवळ. ब्याऐंशी साली अकीला मॅडमनी आजारी सासूच्या सेवेला नेनिताला आणलं. फिलिपिन्सची, पंचविशीची, हसरी. म्हातारीने तेव्हा अन्न टाकलं होतं. नेनिताने एक दिवस तिच्या गावाकडचं चिकन केलं. व्हिनेगर, सोया सॉस, ठेचलेला लसूण, मिरी, तमालपत्र. आणि शेवटी साखर नि डब्यातल्या अननसाचा रस. म्हातारीने बोटं चाटली. तेव्हापासून दोन वर्षं ती दुसरं काही तोंडात घेत नव्हती.

एवढ्यावर सत्यवतीचं काही म्हणणं नव्हतं. पण गेला महिनाभर नेनिताचं वागणं बदललं होतं. दर शुक्रवारी ती सत्यवतीला शेगडीपाशी उभी करायची. मोडक्या हिंदीत म्हणायची, "दीदी, तू कर. मी बघते." मग ती खरंच बघायची. सत्यवती किती घालते, किती वेळ ठेवते, सगळं. मॅडमशी बंद दाराआड बोलायची, आणि सत्यवती चहा घेऊन गेली की दोघी गप्प व्हायच्या. त्यात ड्रायव्हर लतीफने बातमी आणली, शेजारच्या घरातल्या इंडियन स्वयंपाकिणीला परत पाठवलं, आता एकटी फिलिपिनोच दोन्ही कामं करते.

'हिचा कायतरी काळाबेरा आसा,' सत्यवतीच्या मनाने घेतलं.

आज नेनिताने सगळं तिच्याच हातून करवून घेतलं आणि साखरेच्या वेळी म्हणाली, "तेवढं घाल तू दीदी, माझं डोकं दुखतंय." आणि निघून गेली.

ताट वर गेलं. पाच मिनिटांत अकीला मॅडम तेच ताट हातात घेऊन खाली आल्या.

"नेनिता! तू म्हणालीस हिला जमतं. आईने थुंकून टाकलं. खलास. सुट्टी मफी, नाही मिळणार!"

ताट ओट्यावर आपटून त्या वर गेल्या. नेनिता भिंतीला टेकून खाली बसली.

"कसली सुट्टी?" सत्यवतीने विचारलं.

"घरी जायची. माझ्या कराराची दोन वर्षं थंडीतच संपली. मॅडम म्हणाल्या, तू गेलीस तर आईला भरवणार कोण? मी म्हटलं, दीदी करील. आज परीक्षा होती. मी वर सांगून आले होते, आजचं सगळं दीदीने केलंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?" नेनिताने नाक पुसलं. "मी आले तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. आता ती माझ्या बहिणीला आई म्हणते."

सत्यवतीने हात धुतले. सहा वर्षांत ती न बोलावता कधी जिना चढली नव्हती. आज चढली.

"मॅडम, मीठ मी घातलं. चुकून नाही, मुद्दाम. मला वाटलं, ती माझी जागा घेतेय, तर बोल तिलाच लागू दे."

आतून म्हातारीचं कण्हणं ऐकू येत होतं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या. "एकटीने. ती किचनमध्ये पाऊल टाकणार नाही. आईने खाल्लं तर बघू."

सत्यवतीने पुन्हा केलं. साखर घालण्याआधी तिने ती चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. म्हातारीला भरवायलाही तीच बसली. पहिला घास म्हातारीने जिभेवर नुसता धरून ठेवला, डोळे बारीक केले. मग गिळला आणि तोंड उघडलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. शेवटी हाड हातात घेऊन चोखत बसली.

गुरुवारी लतीफ नेनिताला विमानतळावर सोडून आला. निघताना तिने सत्यवतीला घट्ट मिठी मारली. मिठाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

शुक्रवारी म्हातारीचं रिकामं ताट घेऊन अकीला मॅडम स्वतः स्वयंपाकघरात आल्या. पहिल्यांदाच त्यांनी सत्यवतीच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता जागेची भीती सोड, सत्यवती," त्या प्रेमाने म्हणाल्या. "तुला मी आता कुठेच जाऊ देणार नाही."