मशीन घेतलं तो दिवस

"एकावन्न लाख," ती फोनवर म्हणाली. "आता घरात विकायला काही उरलेलं नाही."

पलीकडच्याने शिव्यांची लाखोली वाहिली. समोर बसलेल्या सल्लागाराने कागदावर लिहून दाखवलं, ठेवा फोन. तिने ठेवला.

"फार छान," सल्लागार म्हणाला. "चाळीस, सत्तेचाळीस, पन्नास, एकावन्न. वाढ दर वेळी आधीपेक्षा लहान. डब्याचा तळ खरवडताय हे त्यांना ऐकू यायला हवं."

कसला तळ नि कसलं काय! नवरा कारखान्यात इंजिनिअर. एकोणीस दिवसांपूर्वी त्याला खंडणीसाठी वाटेतून उचलून नेलं. कारखान्याने अशाच प्रसंगासाठी गुपचूप विमा काढून ठेवला होता आणि विमा कंपनीनेच हा सल्लागार पाठवला होता. कंपनी नव्वद लाखही भरू शकली असती. पण हे कुणाला कळायचं नव्हतं. खुद्द नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं.

"देऊन टाका ना एकदाचे," ती म्हणाली. "जीव टांगणीला लागलाय माझा."

"एकदम दिले तर त्यांना वाटेल, आणखी आहेत. मग साहेब आणखी दोन महिने तिकडेच."

"काल फोनवर मागे यांचा खोकला ऐकला मी. शेजारीच बसवतात यांना. सगळं ऐकतात हे. काय वाटत असेल? बायको माझ्या जिवाचा भाव पाडतेय!" बोलता बोलता ती रडायलाच लागली. सल्लागाराने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

तसा भाव करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर वर्षभराने शिलाई मशीन घ्यायला गेले तेव्हा दुकानदार हटेना. "नको आम्हाला," म्हणून ती तरातरा निघाली ती थेट कोपऱ्यापर्यंत गेली. वळून बघते तर नवरा मागे नाहीच. दुकानातच, मशीनवर हात ठेवून उभा, जसं काही विकतच घेतलंय. तेव्हा असा राग आला होता! आणि ती परत येईपर्यंत दुकानदाराने मुकाट्याने भाव उतरवला होता.

फोन वाजला. सल्लागाराने ठरलेला प्रश्न पुढे सरकवला. साहेब जिवंत आहेत याची खात्री पटल्याशिवाय पैसे नाहीत, आणि उत्तर फक्त त्यांनाच माहीत असेल असा प्रश्न. शाळेतल्या पहिल्या बाईंचं नाव.

तिने कागद उलटा करून ठेवला.

"साडेएकावन्न," ती म्हणाली. "शेवटचे. पण आधी यांना एक विचारा. शिलाई मशीन घेतलं त्या दिवशी मी दुकानातून निघून गेले, तेव्हा हे कुठे होते?"

सल्लागार खुर्चीतून अर्धा उठला. तिने हातानेच त्याला बसवलं.

पलीकडे आवाज बंद झाला. फोनवर कुणी हात दाबून धरला असावा. ती पदराचं टोक मुठीत घेऊन उभी राहिली. इतका वेळ लागला की सल्लागाराने दोनदा घड्याळ पाहिलं.

"हॅलो," पलीकडचा वैतागून म्हणाला. "दुकानातच होतो म्हणतो. मशीनवर हात ठेवून."

तिने मुठीतलं पदराचं टोक सोडलं.

"आणि हे काय बडबडतोय कोण जाणे. आठवडाभर तोंड उघडलं नाही, आता हसतोय. म्हणतो, तिला सांगा, सावकाश ये. मी उभा आहे."