चाळीस दिवसांची बोटं

बाप केळींना पाणी लावायला बागेत गेल्याची खात्री करून सॅन्टनने भरदुपारी गिटार माळ्यावरून उतरवली. उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी बापाने, सेबेस्टियनने, ती स्वतःच्या हाताने जुन्या लुगड्यात गुंडाळून वर ठेवली होती. उपवासकाळ म्हणजे चाळीस दिवस मटण नाही, लग्न नाही, वाजवणं नाही. ट्रान्झिस्टरवर फक्त बातम्या. नंदाखालात बाकी कुणाच्या घरी सूट मिळेल, सेबेस्टियनच्या घरी नाही.

पण बोटांना कुठला उपवास कळतोय! वाजवणं थांबलं आणि डाव्या बोटांवरचे घट्टे कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटायला लागले. आत तान्ह्या बाळाची कातडी. उपवास ईस्टरला सुटणार आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, बहिणीचं म्हणजे लिडियाचं लग्न. ज्युलियसच्या बँडमध्ये सॅन्टन पहिल्यांदाच उभा राहणार होता, आणि ज्युलियसने बजावलं होतं, "बोटातून रक्त आलं तर मी दुसरा माणूस उभा करीन. बहीण तुझी असली तरी."

तेव्हापासून बिचारा तोंडसुद्धा एका हाताने धूत होता, कातडी भिजून मऊ पडायला नको म्हणून. कातडी टणक व्हावी म्हणून रोज बोटं सिरक्यात बुडवून बसायचा. लिडिया हसायची, "लोणचं घालतोस काय रे?"

आता तो ओटीवर बसून नुसत्या डाव्या हाताने तारा दाबत होता. उजवा हात मांडीखाली घातलेला, चुकून तारेवर जायला नको. बोटं दुखत होती आणि त्या दुखण्याचं त्याला बरं वाटत होतं.

"वाजवतोस?"

अंगणात सेबेस्टियन उभा होता, पाय चिखलाने भरलेले.

"नाय बाबा. फक्त दाबतोय. आवाज नाय येत."

"देव काय कानांनीच आयकतो काय?"

गिटार पुन्हा माळ्यावर जाणार आणि सोमवारी आपण मांडवात ताटं उचलत फिरणार, हे सॅन्टनला स्वच्छ दिसलं. त्याने नुसता हात पुढे केला. सेबेस्टियनने ती लाल झालेली बोटं अंगठ्याने एकेक चाचपून पाहिली. मग पायरीवर टेकला.

"काय दाबत होतास?"

"लिडियाबाय घरातून निघेल ना, त्या वेळचं."

"दाब."

सॅन्टन दाबू लागला. तारांवर बोटांची बारीक टकटक, बस्स. आत लिडिया भांडी घासत होती. सेबेस्टियन पोराच्या बोटांवरून नजर हलवत नव्हता. मध्येच एक अवघड जागा आली. ती सॅन्टनने भराभर उरकली.

बापाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"एवढी घाई नको रे," तो म्हणाला. "पोर अजून उंबऱ्यातच हाय."