दारावरचा आकडा

खाटेवरची चादर सांडलेलं रक्त स्वतःच मोजायची आणि आकडा दाराबाहेरच्या पाटीवर झळकवायची. अशा चादरी आल्यापासून अख्ख्या वॉर्डाला एकच नर्स उरली होती, लोंढे सिस्टर. पाटी हिरवी होती, आकडा फक्त नव्वद मिलिलिटर. पण चौथ्या महिन्यात गर्भ गेलेल्या सुनयनाचे ओठ पांढरेफटक पडले होते. सिस्टरने तिचं मनगट धरलं. हात गार होता आणि नाडी नुसती पळत होती.

"मावशी, हिचे पॅड कोण बदलतंय?"

सासू कौसाबाईने पायाने काहीतरी खाटेखाली सरकवलं. सिस्टरने वाकून पाहिलं. खाटेखाली पिशवी होती. तिने ती ओढली आणि चादरीवर उपडी केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, भिजून जड झालेले पॅड बाहेर पडले आणि खाट किंचाळायला लागली. पाटी लाल झाली. सातशे चाळीस.

"बाहेर हिचे सासरे अन् थोरले दीर बसलेत," कौसाबाई पुटपुटली. "बाईचं रक्त असं दारावर मांडतात होय? म्हणून मी चादरीवर पडूच दिलं नाही."

"अहो, जीव जाईल तिचा!" सिस्टरने सलाईन पूर्ण सोडलं आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं. "आत्ताच्या आत्ता रक्त लागणार आहे."

कौसाबाईने दार उघडलं. उभ्या जन्मात नवऱ्यासमोर आवाज न चढवलेल्या त्या बाईने पाटीवर बोट ठेवलं.

"सातशे चाळीस. वाचलंत ना? मग उठा दोघंही, रक्त द्यायला चला."