उलटा फिरणारा पंखा

पंखा पुन्हा उलटा फिरला आणि टेबलावरची सगळी धूळ थोरल्या सुनेच्या तोंडावर आली.

तिनं डोळे चोळले. पंखा हवा ओढून घेणारा होता, आणि त्याला वीज देणाऱ्या यंत्रावर तिनं स्वतःच्या हातानं अधिक बारा व्होल्ट लावले होते. आता तिथं उणे दिसत होतं. 'रिमोट'चा दिवाही लागला होता. तिनं यंत्राचा ताबा जागेवर घेणारं 'लोकल'चं बटण दाबलं, गोल खुंटी फिरवली, आकडा अधिकवर आणला. पंखा सुतासारखा सरळ झाला. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच परत उलटा.

"यंत्र झपाटलंय," ती सासऱ्यांना म्हणाली.

"नवं आहे, लाजत असेल," असं म्हणून सासरे चहाचा कप घेऊन अंगणात गेले.

वीज अधिकही देणारं आणि उणेही देणारं, शिवाय परत आलेली वीज निमूटपणे पोटात घेणारं हे यंत्र त्यांनीच आणलं होतं. घरचाच कारखाना. खाली थोरली सून मोटरी तपासायची, वरच्या खोलीत धाकटी कॉइल. दोघी जावांमध्ये अबोला होता. कारण एवढंच, की धाकटी एकदा म्हणाली होती, "ताई, ही मोटर अगदी तुमच्यासारखी घोरते." तेव्हापासून साधा पेचकस हवा असला तरी निरोप नवऱ्यांमार्फत जायचा. दोघे भाऊ जिना चढून-उतरून वाळले होते. आता तर वाटणीची भाषा सुरू झाली होती. जिना बुजवायला दुसऱ्या दिवशी गवंडी यायचा होता.

वर धाकटीची गत काही वेगळी नव्हती. तिला व्होल्टेजशी देणंघेणं नव्हतं, तिला ठरलेला करंट हवा असायचा. कॉम्प्युटरवरून ती यंत्राला करंट मोडमध्ये घालायची आणि करंट अधिकवरून हळूहळू उणेकडे न्यायची. पडद्यावर छान गुळगुळीत रेघ उमटायची. तेवढ्यात यंत्र आपल्या मनानं व्होल्टेज मोडमध्ये उडी मारायचं आणि रेघेला उंटासारखं कुबड यायचं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पुन्हा उंट. त्या दिवशी दुपारपर्यंत तिच्याकडे उंटांचा तांडा जमला.

खाली थोरलीनं वैतागून यंत्र पुढे ओढलं. मागून तारांचा एक जुडगा निघून कपाटामागे शिरला होता. हा इथं कुठून आला? ती त्याच्या मागे मागे निघाली. तारा जिन्यात गेल्या, तीही गेली.

मधल्या पायरीवर धाकटी भेटली. तिच्या हातात त्याच तारांचं दुसरं टोक होतं.

बोलायचं तर नव्हतं, पण न बोलता भांडता येईना.

"ही माझी तार आहे," धाकटी म्हणाली.

"मग माझ्या यंत्रात कशाला घुसलीय?"

"तुमचं कसलं? मामंजींनी मला दिलंय. जड आहे म्हणून खाली ठेवलंय, म्हणाले."

"मला म्हणाले, फक्त तुझ्यासाठी आणलंय."

थोरलीच्या केसांत धूळ होती, भुवयांवरही होती. धाकटीला हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही इकडे यंत्राला हात लावला की माझी रेघ वाकडी, आणि मी तिकडे उणे करायचे, तेव्हा तुम्ही इकडे..."

"तोंड धुऊन धुऊन साबण संपला," थोरली म्हणाली आणि तिलाही हसू फुटलंच. दोघी तिथंच पायरीवर बसून पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून, हातात हात घालून अंगणात गेल्या.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावर युद्ध जिंकल्याचा आनंद होता.

"दोन यंत्रं आणली असती, तर जिन्यात भेटला असतात का, पोरींनो?"

गवंड्याला नको म्हणून कळवलं गेलं. जावांचा अबोला त्या दिवशी सुटला. संध्याकाळपासून दोघींनी मिळून तो सासऱ्यांशी धरला.